गालगुंड, मेंदू आणि पुण्याची लस

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, एकीकडे मिठागरे आणि दुसरीकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत धावणाऱ्या लोकलगाड्या, अशा जागी मीरा-भाईंदर हे शहर वसले आहे. २००२ साली तेथे महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत त्याची वस्ती आठ लाखांवर गेली. अशा दाटीच्या गावी एखाद्या मुलाचा गाल सुजला, म्हणजे घरातील वडीलधारी माणसे फारशी घाबरत नाहीत. "गालगुंड आहे, आठ दिवसांत उतरेल" असे म्हणून कोणी रक्तचंदन उगाळून लेप देतात, कोणी गळ्याभोवती मफलर बांधतात. मुलाला मऊ भात मिळतो आणि शाळेला सुट्टी मिळते. भावंडे त्याच्या फुगलेल्या तोंडाकडे पाहून हसतात, आणि पंधरा-वीस दिवसांनी त्यांचेही गाल फुगतात. वडीलधाऱ्यांचे भाकीत बहुतेक वेळा खरे ठरते. ते ज्या थोड्या वेळी खरे ठरत नाही, त्या वेळांचीच ही हकीकत आहे.

ह्या हकीकतीचा लसीच्या रांगेशी निकट संबंध आहे. २०२४ साली ह्या शहरात सरकारी कार्यक्रमाप्रमाणे लस घेणाऱ्या बाळास गोवर व रुबेला ह्या दोनच रोगांची संयुक्त लस विनामूल्य मिळत होती. खाजगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्या घरच्या बाळास मात्र तीन रोगांची लस मिळत होती, आणि हा तिसरा रोग म्हणजे गालगुंड. एका रांगेत तीन रोग व दुसरीत दोन, ह्या भेदामागे पैशाची, रोग्यांच्या मोजदादीची व अग्रक्रमाची अशी अनेक कारणे आहेत. परंतु जगभर गालगुंडाच्या लसीविषयी जी सावधगिरी बाळगली गेली, तिच्या मुळाशी एक शास्त्रीय कोडे आहे. गालगुंडाचा विषाणू मज्जापेशींत वाढू शकतो. मग त्याच्या अंगी असलेल्या कोणत्या गुणामुळे तो तेथे वाढतो, आणि तो गुण काढून घेता येतो काय?

रोग पुरातन आहे. सुश्रुताने क्षुद्ररोगांच्या मालिकेत 'पाषाणगर्दभ' नावाचा एक विकार सांगितला आहे. हनुवटीच्या सांध्यापाशी येणारी कठीण सूज असे त्याचे लक्षण असून पुष्कळ वैद्य तो गालगुंडच समजतात. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस ह्यानेही इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात थासोस बेटावरील अशा साथीचे वर्णन करून ठेविले आहे; कानांजवळची सूज आणि काही पुरुषांच्या वृषणांस आलेली सूज ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या नजरेतून सुटल्या नाहीत. तथापि रोगाचा मेंदूशी संबंध जुळावयास फार काळ जावा लागला. १७९० साली रॉबर्ट हॅमिल्टन ह्या ब्रिटिश वैद्याने आपल्या निबंधात काही रोग्यांच्या बाबतीत मेंदूच्या विकाराचा उल्लेख केला. गालाचा रोग मस्तकात शिरतो ही कल्पना तेव्हापासून वैद्यांच्या नोंदींत येऊ लागली.

रोगाचे कारण मात्र विसाव्या शतकातच हाती आले. १९३४ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे क्लॉड जॉन्सन व अर्नेस्ट गुडपाश्चर ह्या दोघांनी रोग्यांची लाळ माकडांच्या लालापिंडात घालून तोच रोग उत्पन्न केला, आणि जंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून घेतल्यावरही तिची रोगकारक शक्ती कायम राहते असे दाखविले. अर्थात् रोगाचे मूळ म्हणजे विषाणू होय. १९४५ साली हाबेल आणि एंडर्स ह्यांनी हा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वाढविला, आणि त्यायोगे लस तयार करण्याचा मार्ग खुला झाला.

विषाणू अंड्यात वाढविण्याचे महत्त्व येथे ध्यानात घेतले पाहिजे. विषाणू एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाताना आपल्या जन्मपत्रिकेची नक्कल करतो, आणि नक्कल करताना लेखनिकाप्रमाणे चुकाही करतो. कोंबडीच्या पेशींत पिढ्यान्पिढ्या वाढत गेलेला विषाणू ह्या चुकांतून कोंबडीला सरावतो, आणि माणसाच्या शरीराला त्या मानाने परका होतो. असा अशक्त झालेला विषाणू टोचला असता शरीर त्याची ओळख करून घेते, पण रोग होत नाही. जिवंत लसीचे सारे रहस्य ह्यात आहे. अडचण एवढीच की, विषाणू कोणत्या चुकांमुळे अशक्त झाला हे लस करणाऱ्यास त्या काळी मुळीच ठाऊक नसे. तो अशक्त झाला आहे, इतकेच अनुभवाने कळे.

१९६३ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाजवळ एका घरी लहान मुलीचा गाल सुजला. तिचे वडील मॉरिस हिलेमन हे लसींचे नामांकित संशोधक होते. त्यांनी मुलीच्या घशातील स्राव कापसाच्या बोळ्यावर घेतला, त्यातील विषाणू अंड्यांत व पुढे कोंबडीच्या गर्भपेशींत वाढविला, आणि त्यापासून झालेल्या लसीस मुलीचेच 'जेरिल लिन' हे नाव दिले. १९६७ च्या अखेरीस ह्या लसीस अमेरिकेत परवाना मिळाला, आणि १९७१ साली ती गोवर व रुबेलाच्या लसींबरोबर एकाच कुपीत येऊ लागली.

त्याच सुमारास दुसरा एक प्रवाह रशियात उगम पावला होता. तेथे स्मोरोदिन्त्सेव्ह ह्यांच्या प्रयत्नांतून 'लेनिनग्राड-३' हे वाण सिद्ध झाले. ते युगोस्लाव्हियातील झाग्रेब शहरी नेऊन कोंबडीच्या गर्भपेशींत आणखी वाढविण्यात आले, तेव्हा त्याचे नाव 'लेनिनग्राड-झाग्रेब' पडले. पुण्यात १९६६ साली सायरस पूनावाला ह्यांनी स्थापन केलेल्या सीरम इन्स्टिट्यूटने आपल्या तिहेरी लसीसाठी हेच वाण घेतले. त्यामुळे भाईंदरच्या दवाखान्यातील छोट्याशा कुपीत नेवा नदीच्या काठचा, झाग्रेबचा आणि मुळा-मुठेच्या काठचा असा तीन ठिकाणांचा इतिहास एकत्र आलेला असतो.

जपानमध्ये तिसरे वाण निघाले, त्याचे नाव उराबे. कोड्याची खरी सुरुवात ह्या वाणापासून झाली. उराबे वाणाची लस प्रथम जपानमध्ये व पुढे अनेक देशांत वापरात आली. ब्रिटनमध्ये १९८८ च्या ऑक्टोबरपासून मुलांना तिहेरी लस देऊ लागले, तेव्हा तेथील लसींतही उराबे वाण होते. काही काळाने असे आढळले की, लस टोचल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी क्वचित एखाद्या मुलास ताप येतो, डोके दुखते, मान ताठते, उलट्या होतात. ही मेंदूच्या आवरणाच्या दाहाची लक्षणे होत. मुलाच्या पाठीच्या कण्यातील पाणी तपासले असता त्यात लसीतलाच विषाणू सापडे. नॉटिंगहॅम येथील नोंदींनी हा संशय बळावला. बारकाईने पाहणी केल्यावर सुमारे ११,००० मात्रांमागे एक असे प्रमाण निघाले, आणि १९९२ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनने उराबे वाणाची लस मागे घेतली. जपानमध्ये १९८९ साली सुरू झालेली तिहेरी लस १९९३ साली ह्याच कारणाने बंद झाली. मुले बहुतांशी पूर्ण बरी झाली. परंतु आईबापांचा विश्वास मुलांइतक्या लवकर पूर्ववत होत नाही.

आता शास्त्रज्ञांपुढे प्रश्न उभा राहिला. जेरिल लिन वाणाने अशी बाधा होत नाही, आणि उराबे वाणाने होते; दोन्ही विषाणू गालगुंडाचेच आहेत; मग भेद कोठे आहे?

गालगुंडाच्या विषाणूची जन्मपत्रिका १५,३८४ अक्षरांची असते. आरएनए नावाच्या द्रव्याची ती एक साखळी असून तीत सात जनुके आहेत, आणि त्यांच्या आज्ञेने विषाणूची प्रथिने घडतात. त्यांपैकी दोन प्रथिने विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यांप्रमाणे उभी असतात. पहिल्याचे संक्षिप्त नाव एचएन. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील सायलिक आम्ल नामक शर्करेस चिकटते. शिवाय काम आटोपल्यावर तीच शर्करा तोडून नव्या विषाणूंस मोकळे करते. दाराला हात लावणारे आणि दारातून हात सोडवून घेणारे असे हे एकच प्रथिन आहे. दुसऱ्याचे नाव एफ. ते विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळून टाकते, म्हणजे दार उघडते. आत शिरल्यावर एल नावाचे प्रथिन जन्मपत्रिकेच्या नकला काढते, आणि व्ही नावाचे प्रथिन पेशीची धोक्याची घंटा वाजू देत नाही.

१९९६ साली ब्राउन, डिमॉक व राइट ह्या कॅनडातील संशोधकांनी जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीजेस ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध केला. उराबे लसीच्या कुपीत एकच विषाणू नसून दोन प्रकारच्या विषाणूंचे मिश्रण आहे असे त्यांस आढळले. एचएन प्रथिन ५८२ अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ आहे. तीतील ३३५ वा मणी काही विषाणूंत ग्लुटामिक आम्लाचा, तर काहींत लायसिनचा होता. जन्मपत्रिकेतील एकच अक्षर बदलल्याने हा भेद पडतो. मराठीत 'दिन' आणि 'दीन' ह्यांत एका ऱ्हस्व-दीर्घाचेच अंतर आहे, पण अर्थाने ते शब्द किती दूर जातात! येथेही तसेच झाले. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युद्भार असतो आणि लायसिनवर धन, त्यामुळे मण्याच्या जागी प्रथिनाच्या अंगची विजेची दिशाच उलटते. बाधा झालेल्या मुलांच्या शरीरातून जे विषाणू मिळाले, ते लायसिनवाले निघाले.

पुढे मेक्सिकोतील संशोधकांनी हे दोन प्रकार वेगळे करून माणसाच्या मज्जापेशींपासून झालेल्या अर्बुदाच्या पेशींत वाढवून पाहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत लायसिनवाला प्रकार त्या पेशींत जोमाने वाढला, आणि ग्लुटामिकवाला मागे पडला. ३३५ व्या मण्याच्या बदलाने शर्करेस चिकटण्याची व ती तोडण्याची शक्ती बदलते, असेही त्यांनी दाखविले. चोर सापडला, असेच तेव्हा पुष्कळांस वाटले असेल.

परंतु निसर्ग परीक्षेतील प्रश्नाप्रमाणे एका ओळीचे उत्तर देत नाही. मेंदूस उपद्रव न करणाऱ्या इतर वाणांतही त्या जागी लायसिन असल्याचे आढळून आले. २००९ साली अमेरिकेतील सॉडर, रूबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्टच सांगितले की, उराबे विषाणूस मेंदूत उपद्रव करण्यासाठी त्या जागी लायसिन असलेच पाहिजे असे नाही. ह्या मंडळींनी नवजात उंदरांच्या मेंदूत विषाणू टोचून, महिन्याभराने त्यांच्या मेंदूत किती पाणी साचले ते मोजण्याची पद्धत बसविली होती. मेंदूत पाणी साचण्याचे कारणही आधीच उघड झाले होते. १९६७ साली जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले होते की, गालगुंडाचा विषाणू मेंदूतील पोकळ्यांच्या अस्तराचा नाश करतो. त्यामुळे पाण्याची अरुंद वाट बुजते आणि पाणी तुंबते. लस सुरक्षित आहे की नाही हे ठरविण्यासाठी पूर्वी माकडांवर परीक्षा होत असे. पण उपद्रवी व निरुपद्रवी वाण तीत नीटसे निराळे पडत नसत. उंदरांची परीक्षा ह्या कामी अधिक विश्वासाची ठरली.

ह्या परीक्षेतून जे निष्पन्न झाले ते अधिक खोल होते. २००७ साली एका संशोधनात उंदरांच्या मेंदूस सरावलेल्या विषाणूची उपद्रवशक्ती मुख्यतः एफ प्रथिनात असल्याचे दिसले. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधनात, प्रयोगशाळेतील पेशींत वारंवार वाढवून सौम्य केलेल्या एका उपद्रवी विषाणूत तीन निरनिराळ्या प्रथिनांतील तीन मणी बदललेले आढळले. एचएनमधील बदलाने चिकटण्याची आणि सुटण्याची अशा दोन्ही शक्ती कमी झाल्या. एफमधील बदलाने पेशी एकमेकींत कमी मिसळू लागल्या. आणि एलमधील बदलाने नकला काढण्याचा वेग वाढला. अर्थात् मज्जापेशींत वाढण्याचे सामर्थ्य हे एका मण्याचे नसून चिकटणे, शिरणे, नकला काढणे आणि सुटणे ह्या साऱ्या क्रियांच्या परस्पर मेळाचे असते.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कुपीतला विषाणू हा एकटा नसतो, तो समुदाय असतो. ही गोष्ट भाईंदर-वसईकडील जुन्या शेतकऱ्यास लवकर समजेल. भाताच्या मिश्र बियाण्याचे एकच पोते अर्धे गोड्या जमिनीत आणि अर्धे खाडीकाठच्या खारवट जमिनीत पेरले, तर दोन्हीकडे सारखे पीक येत नाही. खाऱ्या पाण्यात तग धरणारे दाणेच खारजमिनीत उगवतात, आणि पोत्यात ते मूठभरच असले तरी तेथील सारे शेत त्यांचे होते. मज्जापेशी ही विषाणूची खारजमीन होय. लसीच्या समुदायात तेथे तग धरणारे काही विषाणू लपून असले, तर ते क्वचित एखाद्या मुलाच्या ठायी निवडले जातात. २००६ साली सॉडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, एकाच जागी दोन पर्यायी अक्षरे कमीअधिक प्रमाणात मिसळलेली असतात, आणि त्या प्रमाणात फरक पडला तरी मेंदूस होणारा उपद्रव बदलू शकतो. निरुपद्रवी जेरिल लिन वाणही दोन जातींचे मिश्रण आहे, हे १९९० च्या दशकात उघडकीस आले. मिश्रण स्वतः वाईट नसते. मिश्रणात काय आहे हे ठाऊक नसणे वाईट. म्हणूनच आज लसीच्या मूळ बियाण्याची अक्षर न् अक्षर तपासणी करण्यावर भर दिला जातो.

ह्या प्रकाशात पुण्याच्या लसीकडे पाहिले पाहिजे. लेनिनग्राड-झाग्रेब वाणावरही आक्षेप आले आहेत. ब्राझीलमधील रिओ ग्रांदे दो सुल प्रांतात १९९७ साली हे वाण असलेली लस मोठ्या मोहिमेत दिली गेली, तेव्हा सुमारे ३,४०० मात्रांमागे एक अशा प्रमाणात मेंदूच्या आवरणाचा दाह झाल्याचे तेथील संशोधकांनी नोंदविले. त्याच प्रांतात गालगुंडाचे रोगीही पुढे झपाट्याने घटले, ही गोष्ट तितकीच नोंदण्याजोगी आहे. उलट, पुण्याच्या कंपनीतील संशोधकांचा सहभाग असलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या इजिप्तमधील लाखो मुलांच्या चाचणीत असा संबंध आढळला नाही. दोन देशांत दोन निष्कर्ष निघाले, म्हणजे कोणी खोटे बोलले असे मानण्याचे कारण नाही. मोहिमेत रोगी शोधण्याची रीत, मुलांचे वय आणि कण्यातील पाणी तपासण्याचा उत्साह ह्यांवर अशा आकड्यांचे प्रमाण पुष्कळ अवलंबून असते.

निर्णय करताना तराजूच्या एकाच पारड्याकडे पाहून चालत नाही. प्रत्यक्ष गालगुंड झालेल्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या कण्यातील पाण्यात दाहाच्या खुणा सापडतात, आणि शंभरांतून दहापर्यंत रोग्यांस आवरणदाहाची स्पष्ट लक्षणे होतात. हजारांत एखाद्यास खुद्द मेंदूचा दाह होतो. वयात आलेल्या पुरुषांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास रोग्यांस वृषणदाहाचा त्रास होतो. सर्वांत निष्ठुर परिणाम म्हणजे बहिरेपणा. तो बहुधा एका कानास येतो, आणि आला की सहसा जात नाही. जपानने १९९३ साली तिहेरी लस बंद केल्यावर तेथे गालगुंडाच्या साथी वारंवार येत राहिल्या, आणि २०१५ व २०१६ ह्या दोन वर्षांत तीनशेंहून अधिक लोकांस गालगुंडामुळे बहिरेपणा आल्याचे तेथील कान-नाक-घशाच्या वैद्यांच्या पाहणीत आढळले. लसीच्या दोषाची जाहीर चर्चा झाली; लस नसल्याची किंमत मात्र एकेका घरात मुकाट्याने भरली गेली.

भारतात बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना तिहेरी लसीच्या तीन मात्रांची शिफारस करते: नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान. राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र २०१७ पासून गोवर-रुबेलाची जोडलस आली, आणि महाराष्ट्रात तिची मोठी मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरात झाली. २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या आरंभी केरळ, महाराष्ट्र व अन्य राज्यांत गालगुंडाचे रोगी वाढले, तेव्हाही सरकारी कुपीत हा तिसरा घटक नव्हता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने भारतात फिरणाऱ्या विषाणूंची अक्षरे वाचून सी आणि जी हे दोन प्रकार येथे असल्याचे दाखविले आहे. १९५२ साली स्थापन झालेली ही संस्था आणि तिच्याच शहरात तयार होणारी लस, दोन्ही एकाच शहरात आहेत. तेव्हा ह्या कोड्याची साधने आपल्या अंगणातच आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या साऱ्या इतिहासापासून काय बोध घ्यावयाचा? लस निर्दोष असते असे म्हणणारा आणि लस घातक असते असे म्हणणारा, हे दोघेही मोजण्याचे कष्ट टाळतात. उराबेचा दोष सापडला तो ब्रिटनमधील वैद्यांनी एकेका मुलाची नोंद ठेवली म्हणून, आणि त्या दोषाचे मूळ शोधता आले ते एका अक्षराच्या उत्तरावर संशोधक समाधान मानून बसले नाहीत म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेनेही गालगुंडाची लस कार्यक्रमात घेणाऱ्या देशास बजावले आहे की, ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांपर्यंत ती पोहोचविण्याची तयारी असावी; अर्धवट लसीकरणाने रोग लहानपणातून उठून मोठ्या वयात जातो, आणि मोठ्या वयात तो अधिक त्रास देतो. पैसे मोजणाऱ्या घरांपुरतीच लस राहिली, म्हणजे अर्धवटपणा आपोआपच घडतो.

मीरा-भाईंदरच्या एखाद्या इमारतीत दोन मुले एकाच जिन्यावर खेळतात. एकास तीन रोगांची लस मिळालेली असते, दुसऱ्यास दोनांची. दोघांच्या मज्जापेशी सारख्याच नाजूक असतात, आणि जिन्यावरून फिरणारा विषाणू कोणाच्या बापाने पैसे मोजले हे विचारीत नाही. पुढील साथीत दुसऱ्या मुलाचा गाल सुजेल, तेव्हा आजी लेप उगाळील आणि भावंडे हसतील. त्या मुलाला पुढे दोन्ही कानांनी ऐकू यावे, एवढ्यासाठी तिसरा घटक त्याच्या रांगेतही असावा की नाही, हे ठरविणे मोठ्यांचे काम आहे. आणि ठरविण्यापूर्वी नीट मोजून पाहणे हेही त्यांचेच.